एफ, लो एफ आणि पप्पांचा कान

तर मंडळी, गेले दोन वीकेंड इथे काहीच पडलं नाही. पहिल्या वीकेंडला प्रॉडक्शन रिलीज होता, दुसऱ्याला त्याच रिलीजचं तेरावं. आज शनिवार आहे, फोन सायलेंटवर आहे, आणि आज माउथ ऑर्गनबद्दल लिहायचंय. म्हणजे सुरुवात तरी माउथ ऑर्गनबद्दलच करणार आहे.

मी वाजवतो हे ऑफिसात कळलं त्याला कारण आमचा फॅमिली डे. तळवड्याच्या आमच्या ऑफिसात दरवर्षी एक असतो, त्यात कुणीतरी गातं, कुणीतरी नाचतं आणि एचआरवाले टाळ्या वाजवतात. आमच्या टीममधली एक मैत्रीण खरोखरच चांगली गाते, रीतसर शिकलेली आहे. तिने विचारलं, "तू मागे वाजवशील?" मी हो म्हणालो. पुढचा प्रश्न आला, "मी पांढरी चारमध्ये गाते. चालेल ना?"

मी मान हलवली. घरी येऊन शोधलं. पांढरी चार म्हणजे एफ. माझ्याकडे होता सी, म्हणजे पांढरी एकचा. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या पेटीवाल्याला गायकाने पट्टी सांगितली की तो नुसता सा बदलतो आणि मोकळा होतो. दहा होलवाल्या साध्या हार्मोनिकात तसं नसतं. ज्या पट्टीचा घेतला त्याच पट्टीचा तो जन्मभर. पट्टी बदलायची तर वाद्य बदला. म्हणून हे वाजवणारे लोक कंबरेला काडतुसांसारखे सात-आठ पीस लावून फिरतात. बटणवाला क्रोमॅटिक असतो त्यात सगळे बारा स्वर मिळतात, पण त्याची किंमत बघून मी तो टॅब लगेच बंद केला होता.

तर एफ मागवायचा ठरला. आता इथे माझ्यातल्या इंजिनिअरने माती खाल्ली. माझ्या डोक्यात हिशोब असा की ए बी सी डी ई एफ जी, म्हणजे ए सगळ्यात खाली आणि जी सगळ्यात वर. एफ वरून दुसरा. पण मग कुठेतरी वाचलं की जी हा सगळ्यात खालचा असतो. म्हटलं, म्हणजे उलटं असणार, एफ खालून दुसरा! गंभीर, जड, पिक्चरमधल्या संध्याकाळीसारखा आवाज येईल. "शोले"त अमिताभ पायरीवर बसून वाजवतो आणि समोर जया बच्चन एकेक दिवा मालवत जाते, तसलं काहीतरी. (तो तुकडा प्रत्यक्षात भानू गुप्तांनी वाजवलाय. अमिताभने नुसता तोंडाला लावलाय, पण काय लावलाय!)

कुरियर आला, खोका फोडला, पहिल्या होलात फुंकलं... आणि आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुकर लावला होता का मी?"

खरा क्रम असा आहे. नेहमीच्या बारा पट्ट्यांत जी सर्वात खाली. तिथून ए फ्लॅट, ए, बी फ्लॅट, बी असं चढत सी साधारण मध्यावर येतो. मग डी फ्लॅट, डी, ई फ्लॅट, ई, एफ आणि सगळ्यात वर एफ शार्प. लक्षात ठेवायला सोपी युक्ती म्हणजे लिफ्ट. लिफ्टमध्ये जी म्हणजे ग्राउंड. एफ शार्प म्हणजे गच्ची. आणि मी गच्चीच्या एक मजला खाली राहायला गेलो होतो.

आकड्यांतच सांगायचं तर सीच्या पहिल्या होलात फुंकलं की २६२ हर्ट्झ मिळतात आणि दहाव्यात फुंकलं की २०९३. जीमध्ये १९६ ते १५६८. आणि एफमध्ये ३४९ पासून थेट २७९४ पर्यंत. त्या शेवटच्या होलात माणसाने शांतपणे फुंकावं अशी परिस्थितीच नसते.

वाजवायलाही दोन्ही टोकांचे स्वभाव निराळे. वरच्या पट्टीच्या पत्त्या आखूड आणि हलक्या. पटकन बोलतात, जलद तुकडा स्वच्छ निघतो. पण श्वास अगदी मोजका लागतो, जोर केला की स्वर गुदमरतो नाहीतर किंचाळतो. मींड घ्यायची म्हणजे ज्याला बेंड म्हणतात ते करायचं तर जीभ पुढे आणून तोंडाची पोकळी लहान करावी लागते, "ई" म्हणताना होते तशी. आणि जिभेची जागा केसभर चुकली तर काहीच होत नाही. खालच्या पट्टीत उलटा मामला. तिथे जबडा खाली सोडून जांभई देताना होतं तसं तोंड आतून मोठं करावं लागतं. श्वास संथ पण भरपूर. पत्ती लांब, टोकाशी वजन दिलेली, त्यामुळे ती जागी व्हायलाच वेळ घेते. जोरात फुंकलं तर कव्हरला लागून खडखडते. जलद गाणं वाजवायला गेलात तर सगळा चिखल.

मी चार दिवस एफशी झटापट केली. मैत्रिणीला सांगितलं, "अगं, हा फार वर जातोय." तिने एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाली, "अंतऱ्यात माझ्या डोक्यावर बसून वाजवतोयस असं वाटतं."

मग मी अभ्यासाला लागलो, आणि इथे मला या वाद्याचं खरं वेड लागलं. सी पट्टीच्या हार्मोनिकात सीलाच सा मानायला पाहिजे असं कुणी सांगितलंय? त्यातले स्वर तेच ठेवून सा दुसरीकडे नेला तर आपले थाट निघतात! सीला सा धरला तर बिलावल. जीला धरला तर नी कोमल होतो, खमाज. डीला धरला तर ग आणि नी कोमल, काफी. एला आसावरी, ईला चक्क भैरवी. आणि एफला सा धरला तर म तीव्र होतो, म्हणजे कल्याण. पाश्चात्त्य लोक याला पोझिशन म्हणतात, फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि कल्याणाला ट्वेल्थ. आपल्याकडच्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, आणि त्यांची पुस्तकं यावर पन्नास पानं खर्च करतात.

(बेंड न करता सगळे स्वर सगळीकडे मिळत नाहीत हे मात्र आहे. सीच्या खालच्या सप्तकात म आणि ध ठेवलेलेच नाहीत, वरच्या सप्तकात नी नाही. हा बग नाही, फीचर आहे. एकदम तीन होलात फुंकलं की कॉर्ड सुरेल लागावी म्हणून केलेली सोय.)

तर मैत्रिणीच्या पांढरी चारसाठी तीन रस्ते होते. बिलावलच्या अंगाचं गाणं असेल तर एफ. कोमल नीचं, खमाजच्या अंगाचं असेल तर बी फ्लॅट, कारण बी फ्लॅटच्या दुसऱ्या होलला श्वास आत ओढला की एफच मिळतो, आणि वर साच्या खालचे स्वरही हाताशी राहतात. आणि तिचं गाणं यमनात असतं तर माझा जुना सीच पुरला असता, पाचव्या होलपासून नवव्यापर्यंत अख्खं सप्तक एकही बेंड न करता मिळतं. पण तिचं गाणं होतं सगळे स्वर शुद्ध असलेलं. म्हणजे एफच. मग चौथा रस्ता सापडला, लो एफ. पट्टी तीच, पण पूर्ण एक सप्तक खाली. १७५ ते १३९७ हर्ट्झ. किंमत माझ्या एफच्या जवळजवळ दुप्पट. जरा थांबावं म्हटलं, पगार होऊ दे.

आता पप्पांकडे येतो.

आमचे पप्पा १९८६ साली सातारा सोडून भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला लागले. पुढे कंपनीने चाकणला युनिट टाकलं तेव्हा निगडीहून चाकणला जाऊ लागले. आधी ऑपरेटर, मग सेटर, मग डाय मेंटेनन्स. २०२२ ला रिटायर झाले. ट्रंकेत त्यांचा एक जुना माउथ ऑर्गन आहे, चोवीस होलवाला, आवाज थरथरणारा. त्यात एकेका स्वराला दोन पत्त्या असतात, एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवलेल्या, त्यामुळे ती थरथर येते. लहानपणी गणपतीत ते "दोस्ती" सिनेमातली गाणी वाजवायचे. (१९६४ चा सिनेमा, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं आणि माउथ ऑर्गन वाजवलाय साक्षात आर. डी. बर्मनने. ही माहिती त्यांनी मला किमान चाळीस वेळा दिलेली आहे.) मग कधीतरी त्यांचं वाजवणं थांबलं. का, ते कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी दुपारी मी हॉलमध्ये एफ वाजवत बसलो होतो. शेजारी नुकतंच बाळ झालंय, म्हणून अगदी हळू. पप्पा समोर पेपर वाचत होते, पंखा चालू होता. मी खालून वरपर्यंत एकेक होल फुंकत गेलो. पप्पांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "वरचे होल खराब आलेत का रे? परत पाठव. नुसती हवा येतेय."

मी परत वाजवलं. सातवा, ठीक. आठवा. ते म्हणाले, "बारीक." नववा. दहावा. "हवा."

दहावा होल माझ्या कानात सुईसारखा जात होता. आतून आई ओरडली, "अरे बास की, कान फुटले!" पप्पांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणते ती?"

आमच्या घरात एक जुना विनोद आहे. आई म्हणते, "ह्यांना जगातलं सगळं ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही." पाहुण्यांसमोर, लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही. आम्ही सगळे हसतो. पप्पाही हसतात. किमान दहा वर्षं आम्ही या विनोदावर हसतोय. मोबाईलवर माझ्याशी नीट बोलणारे पप्पा ताईच्या चार वर्षांच्या मुलीशी बोलताना फोन आईकडे देतात, त्यावर ताई दोनदा चिडलीही होती की नातीशी बोलायचा कंटाळा येतो का म्हणून.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर ते भडकले. "मला ऐकू येतं." तीन दिवस वाद. शेवटी मी खोटं बोललो, माझाच कान दुखतोय, सोबत चला. तिथे गेल्यावर व्हायचं ते झालं, पण आता आलोच आहोत म्हणून त्यांनी तपासून घेतलं.

ऑडिओग्राम तुम्ही पाहिलाय का? आडव्या अक्षावर २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० हर्ट्झ. उभ्या अक्षावर डेसिबल, वरून खाली. पप्पांची रेघ ५०० पर्यंत जवळजवळ सरळ होती. १००० ला जराशी वाकली, २००० ला उतरली, ४००० ला खोल खड्ड्यात गेली आणि ८००० ला पुन्हा थोडी वर आली. दोन्ही कानांची तीच तऱ्हा. डॉक्टरांनी कागद बघून एकच प्रश्न विचारला, "काम काय करत होता?" पप्पा म्हणाले, "प्रेस शॉप." डॉक्टरांनी मान डोलावली. चार हजाराचा तो खड्डा म्हणजे मोठ्या आवाजाची सही असते. कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. मशीन लावून मदत होईल, पण गेलेलं येणार नाही.

येताना बाइकवर मागे बसून पप्पा काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर मी विचारलं, "प्लग द्यायचे नाहीत का तुम्हाला?" द्यायचे म्हणे. त्यांच्या काळच्या नियमात आठ तासांच्या शिफ्टला ९० डेसिबल ही मर्यादा होती, सेफ्टीवाला येऊन पाटीवर लिहूनही जायचा. "पण प्लग घातला तर प्रेस कशी ऐकू येणार? स्ट्रोकचा आवाज बदलला की मला कळायचं, पंच बोथट झालाय. बर यायच्या आधी कळायचं. दहा प्रेस चालू असल्या तरी कुठली बिघडलीय ते मी पाठमोरा सांगायचो."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी काय बोलणार होतो?

त्या रात्री मी एक उद्योग केला. आई स्वयंपाकघरातून बोलताना फोनवर रेकॉर्ड केलं, लॅपटॉपवर ऑडॅसिटीत टाकलं आणि वरच्या फ्रीक्वेन्सी कापणारा लो-पास फिल्टर लावला, पप्पांच्या रेघेकडे बघत साधारण पंधराशेच्या आसपास. (कानाचं बिघडणं फिल्टरसारखं इतकं साधं नसतं हे मला माहीत आहे. अंदाजापुरतं.) हेडफोन लावले. आई भिंतीपलीकडून बोलत होती. "साखर" मधला स नाही, "आखर". "चहा घेता का" मधला च बोथट. शब्दांचे स्वर होते, कडा नव्हत्या. मग स, श, फ, थ हे सगळे वरच्या मजल्यावर राहतात हे वाचलं. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी का हरवतात तेही कळलं. मी ती तीस सेकंदांची क्लिप पाच-सहा वेळा ऐकली. मग आईला हेडफोन दिले. तिने एकदा ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि भांडी घासायला गेली. तो विनोद त्यानंतर घरात झालेला नाही.

पगाराची वाट न बघता लो एफ मागवला.

तो आल्यावर पप्पांनी आधी फुंकला नाही. चष्मा लावला, बारीक स्क्रू ड्रायव्हरने कव्हर उघडलं आणि पत्त्यांच्या पट्टीकडे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. पितळेची पत्ती एका टोकाला रिव्हेटने पक्की आणि दुसरं टोक खाचेतून आरपार जायला मोकळं. "हे तर पंच आणि डाय आहे," ते म्हणाले. "क्लिअरन्स बघ किती कमी ठेवलाय! आमच्याकडे असं काम कुणी केलं असतं तर त्याला चहा पाजला असता." होनर ही १८५७ पासूनची जर्मन कंपनी आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "दिसतंच आहे."

दुसऱ्या होलची ओढायची पत्ती जरा उशिरा बोलत होती. माझा समज होता की माझाच श्वास चुकतोय. (नवशिक्यांचा तो होल कुप्रसिद्ध आहे, बहुतेक वेळा श्वासच चुकलेला असतो.) पप्पांनी कपाटातून फीलर गेज काढला. प्रेस शॉपमधून त्यांच्यासोबत घरी आलेली ती एकमेव गोष्ट, स्वतःच्या पैशांची. पत्ती आणि पट्टीमधली फट मोजली. मी वाचलेलं सांगितलं की खालच्या स्वरांना फट जास्त लागते, वरच्यांना कमी, साधारण पत्तीच्या टोकाच्या जाडीएवढी. आणि पत्ती टोकाशी खरवडली तर स्वर चढतो, रिव्हेटकडे खरवडली तर उतरतो. "खरवडायचं काही नाही," त्यांनी दटावलं, आणि नखाने हलकेच पत्ती दाबली. परत मोजली. परत दाबली. कव्हर लावून माझ्याकडे दिला.

वाजला.

मग त्यांनी स्वतः घेतला. चोवीस होलच्या सवयीने म आणि ध जिथे असायला हवेत तिथे शोधत होते आणि सापडत नव्हते. "हे काय, दात पडलेत का ह्याचे?" मी बेंड शिकवायचा प्रयत्न केला. जबडा खाली, जांभई दिल्यासारखं. तासाभराने त्यांना तिसऱ्या होलला ध मिळाला, जरा उतरलेला, पण मिळाला. ते हळूहळू वर गेले. सहावा, सातवा, आठवा, नववा. दहाव्याला थांबले.

"हा शेवटचा?"

"हो."

परत फुंकला. "येतोय," ते म्हणाले.

आता त्यांना तो माझ्यासारखाच ऐकू येतो का? नाही येत. लो एफच्या स्वरांचे वरचे उपस्वर, ज्यांच्यामुळे हार्मोनिका हा हार्मोनिकासारखा वाटतो, ते त्यांच्यासाठी खड्ड्यातच जातात. त्यांच्या कानात तो बहुधा बासरीच्या जवळचा, गोल आवाज असेल. पण सा ते सा अख्खी जिन्यावरची चढण त्यांच्या हद्दीत आहे.

फॅमिली डे झाला. मी लो एफ वाजवला, मैत्रिणीच्या आवाजाच्या खाली राहिलो, ती खूश. पप्पा पहिल्या रांगेत होते. गाणं कसं झालं विचारलं तर म्हणाले, "ती मुलगी काय म्हणत होती ते कळलं नाही, पण तू बरा वाजवलास." कानाच्या मशीनची ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे. जायला तयार झालेत, अट एकच, आईने तिथे डॉक्टरांशी त्यांच्या वतीने बोलायचं नाही.

एफचं काय करायचं हा प्रश्न होताच. काल रात्री पप्पा गॅलरीत लो एफ घेऊन बसले होते, खाली स्पाइन रोडकडे जाणाऱ्या ट्रेलरचा आवाज चालू. मला बोलावून विचारलं, "ह्याच्याही खालचा मिळतो का रे?"

"लो सी मिळतो. पण सावकाश वाजवावा लागतो, फार दम लागतो."

"सावकाशच वाजवायचंय. घाई कुणाला आहे? मागव. आणि तो शिट्टीवाला छकुलीला देऊन टाक."